नाचणे–साळवी स्टॉप रूटची आमची स्कूल व्हॅन, पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

रत्नागिरीत नाचणे, साळवी स्टॉप, मारुती मंदिर या बाजूने ज्यांची लहान मुलं शाळेत जातात त्यांच्यासाठी लिहितेय. फी, गाडीची कंडिशन यातलं जे खटकतं तेही सांगते पण ते शेवटी, आधी जे कोणी विचारतच नाही ते, म्हणजे गाडीत पोरांचं आपापसात काय चालतं आणि त्यावर कोणाचं लक्ष असतं.

आमचा मुलगा तिसरीत आहे, बोलताना अडखळतो. आधीच्या गाडीत (नाव लिहीत नाही) त्याला मागे सातवी-आठवीच्या पोरांमध्ये कोंबायचे आणि रोज त्याची नक्कल, सगळी गाडी हसायची, डबा ओढून खायचे ते वेगळंच. ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणे पोरं आहेत, चालायचंच. पोराने तोंडाने काही सांगितलं नाही, पण शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं आणि रविवारी नाही, तेव्हा लक्षात आलं.

मी स्वतः प्राथमिक शिक्षिका आहे म्हणून सांगते, "चालायचंच" हे नाही चालत. डॅन ओल्वेयस म्हणून संशोधक होते, नॉर्वेत त्यांनी यावर आयुष्यभर काम केलं, त्यांनी तीन खुणा सांगितल्यात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याला त्रास होतो त्याला उलट उत्तर देता येत नाही इतका ताकदीत फरक. दोन बरोबरीची पोरं खिडकीवरून भांडली तर ती भांडणं, पण तिसरीतल्या एकट्याला मोठ्या चौघांनी रोज धरायचं याला छळच म्हणतात. आणि हे क्वचित होतं असंही नाही, युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालात जगभरातल्या साधारण तीनातल्या एका विद्यार्थ्याने मागच्या महिनाभरात असा त्रास झाल्याचं सांगितलंय.

आता या व्हॅनचं. गाडी चालवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पोराला कोणी चिडवतं का, गाडीत ओळखीचं कोण आहे? फीच्या आधी हे विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. लहान आणि गप्प बसणारी पोरं पुढे, मोठी एकत्र न बसवता विखरून, आणि मध्ये एक मावशी असतात त्या मोबाईल बघत नाहीत, पोरांकडे बघतात. (स्कूलबसच्या आपल्या राज्याच्या २०११ च्या नियमांतही अटेंडंट सांगितलेला आहे, किती गाड्यांत दिसतो ते तुम्हीच बघा.) त्रास होतो तो मोठ्या माणसाची नजर नसते तिथेच, मधली सुट्टी, बाथरूमचा कोपरा, गाडीची मागची सीट.

सगळ्यात आवडलं ते जोडी लावणं. कराडहून बदली होऊन आलेली एक मुलगी होती, तिला बोलण्यावरून "घाटी घाटी" करायचे, तिला आणि आमच्याला काकांनी शेजारी बसवलं आणि आता दोघांची अशी गट्टी आहे की एक आला नाही तर दुसरा विचारतो. नवीन आलेलं, जाड, चष्म्याचं, अडखळणारं, घाबरट, ज्याला दोस्त नाही असं पोर आधी सापडतं, पण एक जरी खरा मित्र असला तरी खूप फरक पडतो हे मी वर्गातही बघते.

आणि कोणी चिडवलं तर काका फक्त चिडवणाऱ्याला नाही बोलत, हसणाऱ्यांनाही विचारतात, तू का हसलास रे? हे एकदम बरोबर आहे. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून बघितलेलं, दुसऱ्या मुलांनी मध्ये पडून थांबवलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास १० सेकंदांत थांबला. फिनलंडचा किवा म्हणून शाळेतला छळ थांबवायचा कार्यक्रम आहे, तोही बघणाऱ्या मुलांवरच भर देतो. काकांनी यातलं काही वाचलेलं नाही, पण माणसाला समज आहे. संध्याकाळी दोन्हीकडच्या पालकांना फोन करतात, आरडाओरडा नाही.

मला मात्र एकदा स्पष्ट म्हणाले, ताई, दप्तर त्याचं त्याला घेऊ दे, गाडीपर्यंत हात धरून आणू नका. वाईट वाटलं ऐकून, पण २०१३ मध्ये ७० अभ्यास एकत्र करून बघितले होते त्यात हेच निघालं, घरी मोकळं बोलणं आणि माया असलेल्या मुलांना त्रास कमी, आणि मारझोडीच्या घरातल्या मुलांना जास्त, अतिजपलेल्यांनाही थोडा जास्त. त्यामुळे आता संध्याकाळी चहाबरोबर "आज गाडीत कोणाशेजारी बसलास" एवढंच विचारते, मग तो आपोआप बोलतो.

उणं पण सांगते. एसी नाही, जुलैत पाऊस आडवा लागला की डावीकडच्या खिडकीतून पाणी येतं आणि दप्तरं भिजतात, हे काकांना सांगूनही झालेलं नाही. मेची अर्धी फी घेतात. गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, हे मला चांगलंच वाटतं, पण उशीर झाला तर मावशींचा नंबर घेऊन ठेवा. शाळेतच त्रास असेल तर काका काय करणार, तिथे वर्गशिक्षकांना लेखी द्या, आणि प्रकरण गंभीर असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन फुकट आणि २४ तास आहे.

पुढच्या सीट कमी आहेत आणि त्या लहानांनाच देतात, त्यामुळे जूनसाठी एप्रिलमध्येच विचारा आणि पोराला सोबत घेऊन जा, काका त्याच्याशी बोलल्याशिवाय हो म्हणत नाहीत.