ग्रॅमी बघायचं तर रात्री दोनला की सकाळी साडेसहाला?

गेली काही वर्षं ग्रॅमीचा, म्हणजे अमेरिकेतल्या मानाच्या संगीत पुरस्कारांचा, सोहळा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लॉस एंजेलिसला होतो. तिथे रविवारची दुपार असते तेव्हा आपल्याकडे सोमवार सुरू झालेला असतो. नाशिकमध्ये ज्यांच्या घरी कुणी तबला, बासरी किंवा गाणं शिकतंय, त्यांना दरवर्षी हा प्रश्न पडतो: रात्री जागायचं, पहाटे उठायचं, की ते राहू देऊन मराठी वाहिनीवरचा संगीत पुरस्कार सोहळा सवडीने बघायचा? सोमवारी सकाळी शाळेची व्हॅन येते, सातपूर-अंबडची पहिली पाळी असते. झोपमोड एकदाच परवडते.

आधी हे लक्षात घ्या की टीव्हीवर दिसतो तो ग्रॅमीचा छोटा भाग. 2024 मध्ये एकूण 94 पुरस्कार होते आणि त्यातले जेमतेम दहाएक मुख्य कार्यक्रमात दिले गेले. बाकी सगळे त्याआधीच्या ‘प्रीमियर सेरेमनी’त वाटले जातात. ती आपल्या वेळेनुसार रात्री दोनच्या सुमाराला सुरू होते आणि ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमी या संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट दिसते. मुख्य कार्यक्रम सकाळी साडेसहाला. तो भारतात कुठे दिसणार हे दरवर्षी बघून घ्यावं लागतं. अमेरिकेतही 2027 पासून तो सीबीएस वाहिनीकडून डिस्ने-एबीसीकडे जातोय.

माझं मत स्पष्ट आहे: शिकणारं मूल घरात असेल तर रात्री दोनचाच कार्यक्रम खरा. 4 फेब्रुवारी 2024 ची लॉस एंजेलिसची दुपार आठवा. उस्ताद झाकीर हुसेन यांना एका दिवसात तीन ग्रॅमी मिळाले. त्यातले दोन बॅंजोवर बेला फ्लेक, डबल बासवर एडगर मायर, बासरीवर राकेश चौरसिया आणि तबल्यावर स्वतः झाकीरभाई, या चौघांच्या वादनाला. तिसरा झाकीरभाईंच्याच ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या अल्बमला. तो घ्यायला ‘शक्ती’चे गायक शंकर महादेवन मंचावर आले, ‘कट्यार’मुळे मराठी घराघरांत पोहोचलेले, आणि त्यांनी तो पुरस्कार पत्नीला अर्पण केला. हे सगळं मुख्य कार्यक्रम सुरू होण्याआधी घडलं. साडेसहाला टीव्ही लावणाऱ्यांना त्यातलं काही थेट बघायला मिळालं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस झाकीरभाई गेले, म्हणून ते क्षण आता जास्तच मोलाचे वाटतात.

पुढच्या वर्षी भारतीय-अमेरिकी गायिका चंद्रिका टंडन यांना मिळालेला पुरस्कारही असाच दुपारच्या कार्यक्रमातला. पंडित रविशंकरांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबर पहिलं ग्रॅमी मिळालं ते 1968 साली, आणि ग्रॅमीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं 1971 ला. आपल्या माणसांचं कौतुक कॅमेऱ्याच्या मुख्य झोताबाहेरच होत आलंय, याचं मला वाईट वाटतं.

सकाळचा कार्यक्रम कमी दर्जाचा आहे असं मात्र मुळीच नाही. त्याच 2024 मध्ये ऐंशी वर्षांच्या जोनी मिचेल खुर्चीत बसून, हातात काठी घेऊन गायल्या. ग्रॅमीच्या मंचावर त्या पहिल्यांदाच गात होत्या. आवाज खाली उतरलेला, पण प्रत्येक शब्द तोलून टाकलेला. उतारवयात गाणं कसं सांभाळावं हे दाखवायला त्याहून चांगला धडा नाही. पाश्चात्त्य पॉप आवडणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी साडेसहालाच उठावं. फक्त तयारी ठेवा, कार्यक्रम साडेतीन तासांच्या आसपास चालतो. पहिलं लेक्चर बुडणार.

आता आपल्याकडचे सोहळे. ते आधी चित्रित होतात, संपादित होऊन मग दिसतात, त्यामुळे बरेचदा निकाल आधीच कळलेला असतो. आजी-आजोबांसह सगळं घर एकत्र बसतं, भाषा आपली, गाणी तोंडपाठ, हा फायदा मोठा आहे. पण नाच आणि प्रहसनांना भरपूर वेळ मिळतो आणि गीतकार, संगीत संयोजक, ध्वनिमुद्रक यांचे पुरस्कार काही सेकंदांत उरकले जातात, किंवा दाखवलेच जात नाहीत. गाण्यामागचे हात मुलांना दिसायला हवेत, आणि तेच इथे वगळले जातात.

ग्रॅमीचं मतदान अकॅडमीचे सभासद करतात, म्हणजे गायक, संगीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रक. आपल्याकडे बहुधा परीक्षक असतात आणि ‘लोकप्रिय’ विभागासाठी प्रेक्षकांची मतं. मुलाला हा फरक समजावून सांगा. कुणाचं मत कशासाठी, हे त्याला कळलं की तो निकालावर रुसत नाही.

नामांकनं साधारण नोव्हेंबरातच जाहीर होतात. यादीत ‘ग्लोबल’ विभाग आणि समकालीन वाद्यसंगीत आधी वाचा. आपली नावं असतील तर रविवारी लवकर जेवून झोपा आणि दोनचा गजर लावा. नसतील तर साडेसहाचा. मूल दहा वर्षांखालचं असेल तर त्याला उठवू नका. विजेत्यांच्या भाषणांच्या छोट्या चित्रफिती यूट्यूबवर येतात, त्या शाळेतून आल्यावर रियाजाच्या आधी दाखवा.