अंगणातल्या खोट्या रेघा

बार्शीच्या आमच्या घरापुढचं अंगण तीस बाय चोवीस फुटांचं. काळी माती, पावसाळ्यात नुसता राडा. त्यात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये काँक्रीट करून घेतलं. ठेकेदार अण्णांच्या ओळखीतला. बोली अशी झाली: चार इंच जाडी, चौरस फुटाला 85 रुपये, आणि ग्रूव्ह कटिंगचे, म्हणजे काँक्रीटमध्ये यंत्राने रेघा कापण्याचे, रनिंग फुटाला 18 रुपये वेगळे. मी पुण्याहून रजा काढून कामाच्या दिवशी हजर होते, तरीही फसवलं गेलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जाडी मी स्वतः टेप लावून पाहिली होती. चारही कडांना फळी बरोबर चार इंच. पण काँक्रीटखालचा मुरूम मधोमध फुगवून ठेवला होता, ते मला कळलं नाही. एका कडेच्या फळीवरून समोरच्या फळीपर्यंत दोरी ताणून मधोमध टेप धरला असता, तर तिथल्या तिथे चोरी पकडली गेली असती.

मिक्सरपाशी एक पोरगा पाण्याचा पाइप धरून उभा होता, मापबिप काही नाही. 50 किलोच्या पोत्याला 25 ते 27 लिटर पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "ताई, माल पातळ असला की लेव्हल छान बसते." लेव्हल छान बसली. पण ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, आणि जितकं पाणी जास्त तितकं काँक्रीट आकसतं.

रेघा कापणारा कटरवाला दुसऱ्या दिवशी यायला हवा होता, तो आला आठव्या दिवशी. "कच्च्यात कट मारला तर कडा तुटतात," असं ठेकेदाराने सांगितलं. खरी गोष्ट अशी की सकाळी काँक्रीट ओतलं तर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी कट पडायला हवेत, आणि उन्हाळ्यात तर आणखी लवकर. काँक्रीट आकसणार आणि कुठेतरी तडकणार, हे कुणालाच टाळता येत नाही. म्हणून आपणच ठरावीक जागी कट मारून त्याला कमजोर करायचं, म्हणजे तडा त्या रेघेच्या तळाशी, डोळ्यांआड पडतो. त्यासाठी कटाची खोली जाडीच्या किमान पाव हवी, म्हणजे चार इंचाला एक इंच, साधारण 25 मिलिमीटर. रेघांमधलं अंतर आठ ते बारा फूट, आणि चौकोन शक्यतो चौरस. आमच्याकडे दहा बाय आठचे नऊ चौकोन आखले होते. आखणीत खोट नव्हती. 108 फुटांचे 1,944 रुपये मी त्याच दिवशी दिले.

मे महिन्यात पोर्चच्या खांबाच्या कोपऱ्यापासून एक तडा निघाला आणि दोन रेघा सरळ ओलांडून तिरपा फाटकापर्यंत गेला. मी गुडघ्यावर बसून रेघेतली धूळ टाचणीने काढली आणि स्टीलची पट्टी उभी घातली. सहा मिलिमीटर. चार ठिकाणी पाहिलं, कुठेच आठच्या वर नाही. तडा आपल्यात ओढून घेणारे जॉइंट नव्हतेच ते. भेगा कधीच्या सुरू झाल्यावर वरवर ओढलेल्या रेघा होत्या, आणि त्यांचे मी पैसे मोजले होते. काँक्रीट खांबापासून सुटं ठेवणारी थर्माकोलची पट्टीही नव्हती. काँक्रीट थेट खांबाला चिकटवलेलं.

ठेकेदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, काँक्रीटला भेगा पडणारच. तुमचं पाणी कमी पडलं." या बोलण्याने अण्णा गप्प झाले. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कडक, कोरड्या उन्हात किमान 10 दिवस काँक्रीट ओलं ठेवायचं असतं. टँकरवर दिवस काढत असूनही अण्णांनी काठी टेकत अकरा दिवस बारदानं भिजवली होती. आणि हा माणूस दोष त्यांच्यावर ढकलत होता. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला, पैशांचा नंतर.

बाकीचं जूनमध्ये उघडं पडलं. ड्रेनेजच्या पाइपसाठी प्लंबरने मधोमध फोडलं आणि जाडी निघाली अडीच इंच. मग हिशोब मांडला. 720 चौरस फूट, चार इंच, म्हणजे 240 घनफूट, 2.4 ब्रास माल. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या ठरलेल्या प्रमाणाने पन्नासच्या वर पोती सिमेंट लागतं. अण्णांनी रिकामी पोती भंगारवाल्यासाठी बांधून ठेवली होती. सोडून मोजली, 34 भरली.

ठेकेदाराचे शेवटचे 12,000 रुपये द्यायचे बाकी होते, ते मी दिले नाहीत. फोडलेल्या जागेचे फोटो टेपसकट पाठवले, त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पोर्चसमोरचे तीन चौकोन दिवाळीआधी दुसऱ्या गवंड्याकडून नव्याने करून घेतले. मधोमध दोरी, पाण्याला मापाची बादली, खांबाला थर्माकोल. कटरवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की खोली मोजल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. सकाळी नऊला काँक्रीट पडलं आणि रात्री दहाला तो कट मारायला आला. मी बॅटरी धरून बसले होते, अण्णा पट्टी घालून बघत होते. प्रत्येक वेळी पंचवीसच्या खुणेवर बोट ठेवून मला दाखवायचे.