टायर प्रेशर सेन्सर घरी दुरुस्त केला, त्यानंतरचे आठ महिने

व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे दोन सेन्सर माझ्या डॉमिनार बाईकला तीन वर्षांपासून आहेत. जानेवारीत मागच्या चाकाचं रीडिंग मधूनमधून जायला लागलं, मग आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. चांगला चाललेला जोड टाकवेना, म्हणून उघडला.

आत सीआर १६३२ चा सेल. हा नंबर म्हणजे मापच, १६ मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळाच्या दुकानात १६२० मिळाला, "चालतो हो" म्हणाले. तो १.२ मिलिमीटरने पातळ. टेबलावर चालला, पण खड्डा आला की सिग्नल गायब. जुना सेल मल्टीमीटरवर २.९ व्होल्ट दाखवत होता, त्यामुळे दोन दिवस मी दोष भलतीकडेच शोधला. नुसता मोजला की थकलेला सेलही ताजा वाटतो. सिग्नल पाठवायची वेळ आली की व्होल्टेज बसतं. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवर हिरवट थर होता, तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला.

खरी परीक्षा वॉशरची. सेन्सर बसला की व्हॉल्व्हची पिन दाबलेलीच राहते, म्हणजे टायरमधली हवा अडवायला उरतं ते फक्त खालचं रबरी वॉशर. मी जुनंच ठेवलं आणि सकाळी हवेचा दाब ३२ पीएसआयचा (हे दाबाचं एकक) २४ झाला. साबणाचं पाणी लावलं तर एका बाजूने मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक. वॉशर उजेडात धरलं तेव्हा आतल्या कडेला केसाएवढी चीर दिसली. नवं टाकलं, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, सेन्सर हातानेच आवळला आणि मग लॉकनट, म्हणजे सेन्सर सैल होऊ नये म्हणून त्याला टेकवून आवळायचा नट. सेन्सरलाच पाना लावला की रबर चिरतं. साबणाची चाचणी सोडू नका, कळकळीने सांगतो.

मे महिन्यात सकाळचे ३२ हायवेवर ३६ व्हायचे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, तेव्हा गरम टायरची हवा काढू नये. जुलैत ताम्हिणीत, धो धो पावसात, २६ ला अलार्म वाजला. गाडी कडेला घेतली, मागच्या टायरात खिळा. हँडलला तोवर काहीच जाणवलं नव्हतं. त्या एका दिवसासाठी सगळी खटपट वसूल.

त्रास एकच, हवा भरताना दरवेळी लॉकनट सोडायचा. छोटा पाना सीटखाली ठेवलाय. साध्या रबरी व्हॉल्व्हवर हे वजन वेगात हेलकावतं, म्हणून मी धातूचे काटकोनी व्हॉल्व्ह बसवून घेतले. टायरच्या आत बसणारे सेन्सर मात्र मी उघडत नाही. त्यांचा सेल बहुतेक वेळा पत्तीला वेल्ड केलेला आणि वरून रेझिन ओतलेलं असतं. लिथियम सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवणं धोक्याचं आहे.

परवापासून पुढचा सेन्सरही रेघा दाखवतोय. १६३२ आणि नवं वॉशर दोन्ही आणून ठेवलंय, रविवारी सकाळी उघडणार.