क्रूझवर एकट्याने जावं की सिंगल्स ग्रुपबरोबर? सिंगापूरच्या फेरीचा हिशेब

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून निघायचं, पेनांग आणि फुकेतला थांबायचं आणि चार-पाच रात्रींनी परत यायचं, ही आपल्याकडच्या अनेकांची पहिली परदेशी क्रूझ असते. जोडप्याला यात फारसं डोकं लावावं लागत नाही. एकट्या माणसापुढे मात्र दोन रस्ते असतात: स्वतंत्र केबिन घेऊन एकट्याने जायचं, किंवा टूर कंपनीच्या सिंगल्स ग्रुपमध्ये नाव घालायचं.

आधी पैशांचं पाहू. जाहिरातीतला दर ट्विन शेअरिंगचा, म्हणजे एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. एकट्याने केबिन घेतली की दुसऱ्या रिकाम्या जागेचंही भाडं आपल्याच माथी येतं. हा सिंगल सप्लिमेंट बहुतेक वेळा शंभर टक्के असतो, पण तो मूळ भाड्यावर. पोर्ट चार्जेस आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप माणशी लागते, त्यामुळे ती एकदाच द्यायची. समजा मूळ भाडं ४०,००० रुपये, पोर्ट चार्जेस १२,००० आणि टिप ६,००० आहे. शेअरिंगमध्ये ५८,००० होतात, एकट्याला ९८,०००. एजंटने सरळ दुप्पट करून १,१६,००० सांगितले, तर रकमेची फोड मागा. रॉयल कॅरिबियनसारख्या क्रूझ कंपनीत पूर्ण सप्लिमेंट भरणाऱ्याला दर रात्रीमागे एक जादा लॉयल्टी पॉइंट मिळतो. तेवढंच समाधान.

एकट्यासाठीच्या स्टुडिओ केबिनचा बराच बोलबाला आहे. नॉर्वेजियन कंपनीच्या ‘एपिक’ या जहाजावर २०१० साली अशा १२८ केबिन आल्या. आकार सुमारे शंभर चौरस फूट, खिडकी समुद्राकडे नाही तर कॉरिडॉरकडे, आणि फक्त स्टुडिओवाल्यांसाठी वेगळं लाउंज. रॉयल कॅरिबियनच्या ‘ओव्हेशन’सारख्या मोठ्या जहाजांवरही स्टुडिओ आहेत, पण मोजकेच, आणि ते लवकर भरतात. मागणी जास्त असल्यामुळे कधी कधी स्टुडिओचं भाडं दोन माणसांच्या साध्या इनसाइड, म्हणजे बाहेरची खिडकी नसलेल्या केबिनच्या दुप्पट भाड्यालाही मागे टाकतं. अशा वेळी इनसाइड केबिन घ्यावी. जागा जास्त मिळते आणि दुसरी खाट सामानाला उपयोगी पडते.

सिंगल्स ग्रुपमध्ये दर कमी दिसतो, कारण कंपनी तुमची एका अनोळखी माणसाशी जोडी लावते. खरी परीक्षा इथे आहे. दीड-पावणेदोनशे चौरस फुटांत दोन अनोळखी माणसं, एक बाथरूम, अंगाला चिकटणारा शॉवरचा पडदा आणि भिंतीवर एकच एसीचं बटण. बुकिंगमध्ये ‘ट्विन बेड’ असं स्पष्ट नोंदवून घेतलं नाही, तर पहिल्या दिवशी दोन खाटा जोडून केलेला डबल बेड समोर येतो. तो वेगळा करून मिळतो, पण ज्या दिवशी सगळं जहाज भरतं त्या दिवशी केबिन अटेंडंटला शोधत बसावं लागतं. ट्रिपल शेअरिंगच्या नादाला लागू नका. तिसऱ्याला छतातून उघडणारा बर्थ मिळतो आणि रात्री पाण्याला उठायचं तर शिडी उतरावी लागते. तिजोरीही एकच असते, त्यामुळे पासपोर्ट आणि रोख रकमेसाठी कुलपाची छोटी बॅग बरी.

बऱ्याच क्रूझ कंपन्यांचा आणखी एक नियम आहे: केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं, तर दुसऱ्यालाही ते घ्यावं लागतं. तुमचा केबिनमधला पार्टनर शौकीन आणि तुम्ही सोलकढीवाले असाल, तर पहिल्याच संध्याकाळी वाजतं. ग्रुपच्या एजंटने कंपनीशी आधी बोलून सूट मिळवून दिली असेल तर ठीक. दोघांची बिलं वेगळ्या कार्डांवर जोडली आहेत ना, हेही चेक-इनच्या काउंटरवरच पाहून घ्या.

म्हणून ग्रुपला पैसे भरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ईमेलवर घ्या: केबिनला जोडीदार मिळाला नाही, किंवा ऐनवेळी गळाला, तर फरक कोण भरणार? काही कंपन्या हमी देतात, काही सप्लिमेंट तुमच्याकडून वसूल करतात. वयोगटही विचारा. ‘सिंगल्स’ म्हटलं तरी तिशीतला इंजिनिअर आणि साठी ओलांडलेल्या काकू एकाच बसमध्ये असू शकतात. त्यात वाईट काही नाही, फक्त पहाटे तीनपर्यंत नाचायचं ठरवून आला असाल तर गणित बिघडेल.

सोबतीसाठी ग्रुपला पैसे मोजायचे असतील, तर जहाजाच्या आत त्याची गरज फारशी नाही. मोठ्या जहाजांच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांची भेट असतेच. ती पहिल्या संध्याकाळीच गाठावी, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत टोळकी ठरून गेलेली असतात. मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेचं सीटिंग घ्या आणि हेड वेटरला शेअर्ड टेबल मागा. रोज तीच माणसं भेटतात आणि ओळख होते. हवं तेव्हा जेवण्याची सोय निवडली, तर रोज दोघांच्या टेबलावर एकटं बसणं नशिबी येऊ शकतं. शाकाहारी आणि जैन जेवणाची नोंद बुकिंगच्या वेळी करा आणि पहिल्या रात्री पुन्हा सांगा. उद्याचा मेनू आदल्या रात्री पाहून ठेवला, की कांदा-लसूण नसलेला पदार्थ वेगळा करून देतात.

ग्रुपची एक अडचण कुणी आधी सांगत नाही. व्हॉट्सॲपवर चालणारा ग्रुप समुद्रावर मुका होतो. जहाजाचं वायफाय पॅकेज बहुधा प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकला नाही तर समुद्रातलं रोमिंग खिसा रिकामा करतं. टूर लीडर भेटण्याची जागा आणि वेळ कागदावर देत असेल, तर तो अनुभवी समजावा.

किनाऱ्यावर चित्र पालटतं. पेनांगमध्ये जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जॉर्जटाउनचा जुना भाग तिथून पायी गाठता येतो. त्यासाठी ग्रुप नको, टॅक्सीही नको. फुकेतला मात्र जहाज पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतं आणि टेंडर, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. आधी नंबर जहाजाकडून सहल घेतलेल्यांचा, बाकीचे रांगेत. बेटांवर जाणारी बोट किंवा दिवसभराची गाडी एकट्याने घेतली तर सगळा खर्च अंगावर पडतो. इथे चार-सहा जणांचा ग्रुप सरळ परवडतो. वेळ चुकली तर जहाज फक्त स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. परतीची शेवटची वेळ टेंडरमध्ये बसण्याआधीच मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, आणि तो लावताना मोबाइलचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर आहे ना ते पाहा. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, आणि जहाज आपलं घड्याळ बदलेलच असं नाही.

कागदपत्रांचं काम मात्र ग्रुप कंपनीकडे द्यावं असंच आहे. परतीला सिंगापूरमध्ये पुन्हा प्रवेश होतो, म्हणून सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळी मुंबईहून उतरण्याचं धाडस एकट्याने करू नये. विमान लेट झालं तर बंदरावर तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही. शिवाय भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. परदेशी वेबसाइटवर कार्डाने पैसे भरले तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचा जादा आकार, लावतात.

चार-पाच रात्रींच्या या फेरीला आमचा कौल एकट्याने जाण्याला, केबिन इनसाइड. युरोपची क्रूझ असेल, शेंगेन व्हिसा आणि लांबचं विमान असेल, तर ग्रुप घ्यावा, पण सप्लिमेंट भरून खोली स्वतंत्र ठेवावी. आणि आपल्याला जहाज मानवतं की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बघावी. गोव्याच्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. ते जहाज १९९० साली बांधलेलं आहे, त्यामुळे केबिन लहान आहेत. लाटांचा त्रास होत असेल तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागाची केबिन मागा.