बक्षिसातला टक्का की महिन्याची ठरलेली रक्कम? रेसच्या पैशातनं रेसवाल्यांनाच मदत करायची तर

कोल्हापुरातल्या चार-पाच जणांनी मिळून घोडा घेतलाय, तो पुण्याला ट्रेनरकडं असतो, आणि आता पार्टनर लोकांचं चाललंय की स्टेक मनी, म्हणजे रेसच्या बक्षिसाचे पैसे, येईल त्यातला काही भाग याच धंद्यातल्या कुणाला तरी द्यायचा, म्हणजे मंडळाला-देवळाला नाही, तर जॉकी, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) किंवा रिटायर झालेले घोडे. विचार झकास आहे. अशाच एका पार्टनरशिपचा हिशोब माझ्याकडं असतो म्हणून मला विचारलंय, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: माणसांसाठी बक्षिसातला टक्का ठेवा, घोड्यांसाठी महिन्याची ठरलेली रक्कम. लोक हौसेनं बरोब्बर उलटं करतात आणि मग सगळं बारगळतं.

घोडा पळतो दोन वर्षांचा झाल्यापासनं फार तर सहा-सात वर्षांचा होईपर्यंत, कितीतरी त्याच्याही आधी थांबतात, कुणाचा पुढच्या पायाचा टेंडन जातो, कुणाला पळण्यात रसच नसतो. जगतो मात्र पंचवीस वर्षं, कधी तीससुद्धा. म्हणजे कमाईची वर्षं चार-पाच आणि बसून खायची वीस, आणि त्या वीस वर्षांत चंदी, वैरण, नालबंद, जंताचं औषध, धनुर्वाताची लस हे सगळं चालूच राहतं. "जिंकलो की देऊ" हे त्याला लागूच पडत नाही. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, मग नोव्हेंबरपासनं मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर, एप्रिलनंतर सगळं थंड, आणि सीझनमध्येसुद्धा तुमचा एकच घोडा, तो किती वेळा पळणार आणि किती वेळा पहिल्या तिघा-चौघांत येणार? खोकला झाला तरी महिना गेला.

माणसाचं उलटं असतं. जॉकी पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं की एकदम मोठा आकडा लागतो आणि वरनं दोन-तीन महिने कमाई बंद, कारण राइड नाही तर पैसा नाही. रेस चालू असताना आतल्या बाजूनं अ‍ॅम्ब्युलन्स पळत असते, ती काय शोभेला नाही. मोतद्दाराला लाथ बसून बरगडी मोडली तरी तेच. असला खर्च अधनंमधनं येतो आणि मोठा येतो, आणि बक्षीसपण अधनंमधनंच येतं, म्हणून या दोघांचं जुळतं. जिंकलेल्यातला टक्का बाजूला पडत राहू दे, गरज लागली की त्यातनं काढा.

आता तुमच्यातला एक जण म्हणाला की ऑस्ट्रेलियात तर घोड्यांसाठीच बक्षिसातला टक्का कापतात, मग आपण का नको. बरोबर आहे, न्यू साउथ वेल्समध्ये बक्षिसाच्या रकमेतला ठरलेला टक्का घोड्यांच्या वेल्फेअरला जातो. कॅलिफोर्नियात मालकाच्या बक्षिसातनं ०.३ टक्के निवृत्त घोड्यांसाठी कापायची पद्धत आहे, नको असेल त्यानं तसं लिहून द्यायचं. पण तिथं कापलं जातं ते सगळ्या रेसमधनं. प्रत्येक रेस कुणीतरी जिंकतोच ना, मग तुमचा घोडा हरला तरी डब्यात पैसे पडतातच. एका घोड्याच्या जिवावर तोच टक्का लावला की कधी पाऊस, कधी दुष्काळ. हा फरक लक्षात न घेता लोक बाहेरचा फॉर्म्युला जसाच्या तसा उचलतात.

इंग्लंडमध्ये तर दोन डबेच वेगळे आहेत. डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि मग १९६४ च्या ग्रँड नॅशनल रेसमध्ये पॅडी फॅरेल, असे दोन जॉकी काही महिन्यांच्या अंतरानं पडून कायमचे जायबंदी झाले आणि त्यातनं इंजर्ड जॉकीज फंड उभा राहिला. आज त्यांची लॅम्बोर्न, माल्टन आणि न्यूमार्केटला रिहॅब सेंटर आहेत, फिजिओ, जिम, सगळं, आणि गंमत म्हणजे इतकी मोठी संस्था असून अजून ख्रिसमस कार्डं विकून पैसे गोळा करतात. घोड्यांसाठीची संस्था निराळी, रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस, ती २००० साली आली. एकाच डब्यात टाकलं की जखमी माणूस समोर असताना म्हाताऱ्या घोड्याच्या वैरणीला कोण पैसे काढणार, तुम्हीच सांगा. आणि खरं तर काढूही नयेत.

जपानचं मॉडेल सरकारी आहे, तिथल्या जपान रेसिंग असोसिएशनच्या (जेआरए) बेटिंगच्या उलाढालीतला १० टक्के सरकारात जातो, त्यातला तीन चतुर्थांश पशुपालनाला आणि एक चतुर्थांश समाजकल्याणाला. हाँगकाँगचा जॉकी क्लब दरवर्षी प्रचंड पैसा वाटतो पण तो मुख्यतः शहराच्या कामांना. आपल्याला दोन्हींचा उपयोग नाही, विषय संपला. आपल्याकडं तर २२ सप्टेंबर २०२५ पासनं रेसच्या बेटिंगवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय, त्यामुळं क्लबच काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

चॅरिटी ट्रॉफी स्पॉन्सर करायची आयडिया पण कुणीतरी काढलीय. फोटो भारी येतो, सूट-बूट घालून कप देताना. पण खर्चातला मोठा वाटा रेसच्या बक्षिसात आणि कार्यक्रमात जातो, आणि ते बक्षीस शेवटी दुसऱ्या कुठल्यातरी मालकालाच जाणार. हौस म्हणून करा, दान म्हणून नको.

त्यापेक्षा आपल्या बैलगाडी शर्यतीवाल्यांकडं बघा. तिथं प्रवेश फी आधी भरल्याशिवाय गटात नाव पडत नाही, पुढं सेमीला गेला का फायनलला, तो नंतरचा विषय. तसंच करा: घोडा पळो न पळो, ट्रेनरचं महिन्याचं बिल भरताना प्रत्येक पार्टनरनं ठरलेली रक्कम त्याच्याबरोबरच वेगळ्या खात्यात टाकायची. बिलाच्या पाच टक्के म्हटलं तरी कुणाच्या खिशाला चाट बसत नाही, आणि खरेदी करतानाच एकदा थोडी मोठी रक्कम टाकली तर अजून बरं, कारण त्या दिवशी सगळे जोशात असतात.

आणि एक, जे ऐकायला कुणालाच आवडत नाही. पहिला रिटायर घोडा तुमचाच असणार आहे. तो दलालाच्या हवाली करायचा आणि दुसऱ्यांच्या घोड्यांना देणगी द्यायची, असं बघितलंय मी. रेसमधनं निघालेली घोडी रायडिंग स्कूलला जातात, वरातीला जातात, टुरिस्ट पॉइंटला जातात, चांगलं घर मिळालं तर उत्तमच, पण कुठं गेली हे मालकाला माहीत तरी पाहिजे.

यावर कोल्हापुरात ठरलेलं उत्तर मिळतं, "आमच्या मळ्यात सोडू की, वैरणीला काय तोटा." थांबा जरा. शिये भागातल्या एका मळ्यात अशी एक घोडी आणली होती, आल्या आल्या कौतुकानं उसाचं वाडं टाकलं म्हशींसारखं, दोन दिवसांत पोट दुखायला लागलं, खाली बसायची, कुशीकडं वळून बघायची, परत उठायची, लोळायची, आणि म्हशीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की घोड्याचं मला जमत नाही. वाचली, पण रात्रभर चालवत ठेवावी लागली. तबेल्यात ओट आणि मोजलेल्या गवतावर वाढलेल्या घोड्याचा आहार हळूहळू बदलावा लागतो. शिवाय आपल्या काळ्या मातीचा पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल होतो, त्या चिखलात उभं राहून खूर कुजतात, आणि घोड्याला नाल मारणारा माणूस जवळपास मिळणं हल्ली अवघडच झालंय. पांजरपोळात द्यायचा विचार असेल तर तिथं घोड्याचं कळणारा माणूस आहे का एवढं आधी विचारा, गायी चांगल्या सांभाळल्या म्हणजे घोडा सांभाळता येतो असं नाही. मळ्यात ठेवायचाच असेल तर महिन्याची रक्कम तिथंच लावा, काहीच हरकत नाही, फक्त घोड्याला उभं राहायला कोरडा ओटा आणि नालबंदाची सोय आधी.

मोतद्दारांचं थोडं वेगळं सांगायचंय. घोडा जिंकला की मालक लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात, ती बक्षिशी झाली, तिला मदतीत धरू नका. पहाटे अंधारात उठून खरारा करणारा, कामावरनं आलेल्या घोड्याला गार होईपर्यंत फिरवणारा, पायावरनं हात फिरवून "साहेब, आज डावा गरम लागतोय" असं डॉक्टरच्या आधी सांगणारा तो असतो. त्याच्या पोरीची कॉलेजची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असल्या गोष्टींना टक्क्याच्या खात्यातनं थेट भरा, शक्यतो कॉलेजच्या नाहीतर दवाखान्याच्या खात्यावर. थेट दिलेल्याची इन्कम टॅक्समध्ये सूट मिळत नाही, ती पाहिजे असेल तर ८०जी असलेल्या नोंदणीकृत ट्रस्टलाच द्यावं लागतं, तेही दोन हजारांच्या वरची रक्कम कॅश दिली तर चालत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर सूट विसराच. त्यामुळं टॅक्स बघून मदत कुणाला करायची ते ठरवू नका, तुमच्यातले निम्मे नवीन रिजीममध्येच असतील.

पार्टनर लोकांचं महिन्याच्या रकमेवर एकमत झालंच नाही, तर फक्त माणसांचं खातं उघडा. बक्षिसातल्या मालकांच्या वाट्यातला पाच टक्के, बास. घोड्याचं मात्र एवढं तरी पार्टनरशिपच्या कागदात घाला की रिटायर झाल्यावर सगळ्यांच्या सहीशिवाय तो कुणालाही द्यायचा नाही, आणि घेणाऱ्याकडं सहा महिन्यांनी कुणीतरी एक जण जाऊन बघून येणार, त्याचं नाव आत्ताच लिहा.