कीटकांचे फोटो: वर्गीकरणाचे फोल्डर की नमुना क्रमांक?

गण, कुल, प्रजाती, जाती ही फोल्डरची उतरंड दोन-तीनशे फोटोंपर्यंत झकास चालते. पण वर्गीकरण बदलतं. वाळवीचा स्वतंत्र गण मोडून ती झुरळांच्या गणात गेली. फोल्डर हलवले की जुने दुवे तुटलेच. ओळख न पटलेले फोटो तर ‘इतर’मध्ये गाडले जातात.

नमुना क्रमांकाच्या रीतीत फाइलच्या नावात तारीख, नमुन्याचा (म्हणजे त्या एका कीटकाचा) क्रमांक, बाजू आणि फोटोचा अनुक्रम एवढंच: ‘२०२४०६१५_०४१२_पाठ_०१’. जातीचं नाव कीवर्डमध्ये (फोटोला जोडलेल्या शोधशब्दांत), म्हणजे ओळख बदलली तरी फाइल जागची हलत नाही. एकाच नमुन्याच्या फोकस-स्टॅकिंगच्या (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक स्पष्ट फोटो करण्याच्या) चाळीस फ्रेमही त्याच क्रमांकाखाली राहतात. मेख एकच: रॉ फाइलचे (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोचे) कीवर्ड बहुधा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये, म्हणजे फोटोची माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असतात. सॉफ्टवेअरबाहेरून नुसता फोटो हलवला, तर ते मागेच राहतात. तरीही मोठ्या संग्रहाला हीच रीत.