टिश्यू कल्चर आले-हळदीची रोपे: बेण्यासाठी घ्या, पहिल्या पिकासाठी नको

टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवलेली रोपे पहिल्याच हंगामात भरघोस उतारा मिळेल या हिशेबाने घेतली तर निराशा ठरलेली. प्रयोगशाळेतल्या रोपाला पहिल्या वर्षी येणारे कंद बारीक असतात. आल्याच्या बेण्याचा तुकडा साधारण २०-२५ ग्रॅमचा लागतो. तसा भरीव कंद हाती यायला दोन-तीन हंगाम जातात. हळदीतही पहिल्या वर्षी जेठे गड्डे मनासारखे पोसत नाहीत.

तरीही घ्यावीत, कारण स्वच्छ बेणे. आल्याला बी धरत नाही, त्रिगुणित हळदीत (गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३) क्वचितच धरते. लागवड कंदांवरच चालते आणि त्या कंदांबरोबर कंदकुजीची पिथियम बुरशी, मर रोगाचा जिवाणू आणि सूत्रकृमी दरवर्षी नव्या वाफ्यात उतरतात. ही साखळी तोडायला बाटलीतले रोप उपयोगी पडते.

मात्र रोपांवरच्या ‘रोगमुक्त’ या चिठ्ठीवर डोळे झाकून विसंबू नका. प्रयोगशाळेत घेतला जाणारा कंदाचा कोंब मातीत वाढलेला असतो. तो वाहत्या पाण्यात धुऊन, बुरशीनाशकात बुडवून, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद आणि ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ५ ते १० मिनिटे ठेवला, की बाहेरचे जंतू मरतात. आत दडलेला जिवाणू वाचतो. वेळ वाढवली तर कोंबच काळा पडतो. असा जिवाणू बाटलीत कित्येक आठवडे गप्प राहतो आणि नंतर आगरमध्ये (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीसारख्या पदार्थात) कोंबाच्या बुडाशी दुधाळ छटा दिसू लागते. विषाणू काढायचा तर सेंटीमीटरभराचा कोंब चालत नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आतला शेंडा कापावा लागतो. म्हणून चाचणी कोणत्या रोगांची केली आणि कोणत्या टप्प्यावर, हे लेखी मागा. शिवाय रोगमुक्त रोप रोगप्रतिकारक नसते. बाधित जमिनीत लावले तर तेही कुजते.

माध्यमाची कृती सगळीकडे जवळपास सारखीच: मुराशिगे-स्कूग या शास्त्रज्ञांच्या सूत्राचे (१९६२) क्षार, लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम आगर, सामू ५.८, बीएपी (कोंब फोडणारे संजीवक) १ ते ३ मिलिग्रॅम, एनएए (मुळे फोडणारे संजीवक) अर्धा मिलिग्रॅम. या पिकांची एक सोय अशी, की कोंब आणि मुळे बहुधा एकाच माध्यमात फुटतात, मुळांसाठी वेगळा टप्पा लागत नाही. घाई करणारी प्रयोगशाळा बीएपी वाढवते. मग कोंब भरपूर, पण काचेसारखे पाणचट. बाहेर काढले की माना टाकतात. रोपे थेट डोळ्यापासून केली की कॅलसमधून (पेशींच्या बेढब गोळ्यातून), आणि किती वेळा उपसंवर्धन (तुकडे करून नव्या माध्यमात हलवणे) झाले, हेही विचारा. कॅलसच्या वाटेने आलेल्या रोपांत वाणाबाहेरचे नमुने निघण्याचा धोका जास्त.

बाटलीतली रोपे स्वस्त वाटली तरी हार्डनिंगची (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याची) सोय नसेल तर ती सवय झालेली, प्रो-ट्रेमधलीच (खाचांच्या तबकातली) घ्या. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे ८०-९० टक्के आर्द्रता आणि सावली हवीच. मुळांना आगर चिकटून राहिले तर बुरशी तिथूनच धरते. कोमट पाण्यात बोटांनी हळुवार धुवा, मग निर्जंतुक कोकोपीटमध्ये लावा. पाणी तुंबवू नका. ट्रे घेताना एक रोप उपसून पाहा: मुळे पांढरी हवीत आणि नवी पाने ट्रेमध्ये फुटलेली हवीत.

लिटरला ८०-९० ग्रॅम साखर देऊन बाटलीतच घडवलेले सूक्ष्मकंद मिळत असतील तर ते उजवे. वाहतूक सोपी, हार्डनिंगची कटकट जवळजवळ नाही. फक्त आकार गव्हा-वाटाण्याएवढा, म्हणून खोल लावू नका.

प्रयोगशाळेची पारख मातृसाठ्यावरून (जपून ठेवलेल्या मूळ वाणाच्या बाटल्यांवरून) होते. वाण जपायचा तर दर महिन्याला उपसंवर्धन करणे चुकीचे; दरवेळी जंतू शिरण्याची आणि चिठ्ठ्या बदलण्याची भीती. निम्म्या ताकदीचे माध्यम, लिटरला १० ग्रॅम साखर, १० ग्रॅम मॅनिटॉल (वाढ रोखणारा साखरेसारखा पदार्थ), तोंडाला अॅल्युमिनियम फॉइल आणि २२ अंशांच्या आसपास तापमान ठेवले, की वाढ मंदावते आणि तीच बाटली सुमारे वर्षभर टिकते. अशा बाटल्या, वाणाच्या नावासह आणि तारखेसह, दाखवता आल्या नाहीत तर ऑर्डर थांबवा.

लावताना क्षेत्र छोटे ठेवा: तीन-चार वर्षांत आले-हळद न घेतलेली, निचऱ्याची जमीन, गादीवाफा, आणि जुन्या बेण्याच्या प्लॉटचे पाणी इकडे येणार नाही असा उतार. पहिल्या वर्षीचे बारीक कंद विकू नका, सगळेच्या सगळे पुन्हा लावा.